पद्यनाटकातला खलनायक करायला शिकताय? वर्कशॉपला जाण्याआधी हे वाचा

गोव्यात एकदा तरी तोंडाला रंग न लावलेला माणूस शोधावाच लागतो. जत्रा, सप्ताह, शिगमो, काही ना काही निमित्ताने देवळासमोरच्या स्टेजवर तुम्ही पण उभे राहिलेले असणार, निदान शिपाई म्हणून तरी. त्यामुळे खलनायकाच्या अभिनयाचं वर्कशॉप आहे असं कळलं की पहिल्यांदा असंच वाटतं की यात वेगळं शिकायचं काय, भुवया वर, आवाज खाली, एक गडगडाटी हसू, झालं. आणि मग पहिल्या दिवशी हातात एक कागद येतो, त्यावर पद्य असतं, ओळीच्या ओळी, एक वाक्य पाच ओळी चालतं, बोलणारा माणूस स्वतःच स्वतःचे बेत प्रेक्षकांना सांगतोय, आणि आपल्याला माहीत असलेलं काहीच तिथे कामाला येत नाही. बरीच मुलं दुसऱ्या दिवशी येत नाहीत ती इथेच गळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातली काही चांगली असतात.

मी अशी वर्कशॉप्स केलीत, आता नवीन मुलांच्या तालमींना मदतीला बसते. तेव्हा जे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते सगळं क्रमाने लिहिते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: अभिजात पद्यनाटकातला खलनायक तुमच्या आवाजात नसतो, चेहऱ्यात नसतो, तो त्या ओळींच्या युक्तिवादात असतो. तुम्ही युक्तिवाद नीट बोललात की दुष्टपणा आपोआप येतो, वेगळा आणावा लागत नाही.

१. नाव देण्याआधी चार गोष्टी विचारा

वर्कशॉपच्या बातम्या कळायच्या जागा सगळ्यांना माहीत आहेत, पणजीत कांपालची कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवनं, आणि गावोगावची नाट्यमंडळं. त्यांच्या पेजवर आणि नोटीस बोर्डवर लक्ष ठेवा. पावसाळ्यात उघड्यावरची नाटकं बंद असतात तेव्हा कलाकार मोकळे असतात, तो काळ शिकायला चांगला.

फोन करून हे विचारा: संहिता कुठली आहे आणि ती पद्यात आहे का? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शेक्सपिअरची मराठी रूपं खूप जुन्या काळापासून आहेत, देवलांचं 'झुंझारराव' १८९० सालचं, ते 'ऑथेल्लो'वरून केलेलं, शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' केलं, विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' केला. पण मराठीत आणताना बऱ्याच जणांनी पद्याचं गद्य केलेलं असतं, त्यामुळे पद्य शिकायचं म्हणून जाल आणि गद्याचेच संवाद पाठ करून याल असं होऊ शकतं. दुसरं, प्रत्येकाला उभं राहून काम करायला मिळणार की नुसतं बसून ऐकायचं आहे? तिसरं, शेवटी सादरीकरण आहे का आणि कुणासमोर? चौथं, एका बॅचमध्ये किती जण घेणार? चाळीस जण घेणार असतील तर तुमच्या वाट्याला दिवसाला काही मिनिटंच येणार, हे समजून पैसे भरा.

मुलींसाठी एक वेगळं. "बाईला खलनायक कशाला" असं कुणी म्हणालं तर सरळ सांगा की मला 'ऑथेल्लो'तला इयागो करायचाय किंवा शेक्सपिअरच्याच 'रिचर्ड तिसरा'मधला रिचर्ड करायचाय. वर्कशॉप म्हणजे प्रयोग नाही, तिथे कुणीही काहीही करून बघू शकतं, आणि ही पद्यं कुणाच्याही तोंडी बसतात.

२. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं फार नसतात. आधार कार्डची झेरॉक्स, दोन पासपोर्ट साईझ फोटो, भरलेला फॉर्म, आणि वय अठराच्या आत असेल तर आईवडिलांचं संमतीपत्र. सरकारी नोकरीत असाल तर ऑफिसकडून ना हरकत पत्र लागतं का ते आधीच विचारून ठेवा, शेवटच्या क्षणी ते मिळत नाही. दमा, पाठदुखी, गुडघ्याचं काही दुखणं असेल तर फॉर्मवर लिहा आणि शिकवणाऱ्यांना तोंडीही सांगा.

सामान असं:
- संहितेची प्रिंट, मोठ्या टाईपात, कागदाच्या एकाच बाजूला, बाजूला भरपूर मार्जिन सोडून. मोबाईलवर वाचून पद्य बसत नाही.
- पेन्सिल आणि रबर. पेन नको, कारण खुणा रोज बदलणार.
- सैल सुती कपडे, दोन जोड, आपल्याकडच्या दमट हवेत एक जोड दुपारपर्यंत भिजतोच.
- गुडघ्याला लावायचे पॅड, पाण्याची बाटली.
- एक मराठी शब्दकोश, आणि संस्कृत नाटकावर काम असेल तर त्याचं सरळ मराठी भाषांतर.
- शेवटच्या बसचा टायमिंग. हे सामान नाही, पण तालीम लांबली आणि कदंबची शेवटची गेली की पुढचा सगळा दिवस बिघडतो, म्हणून आधीच कुणाच्या गाडीवर मागे बसायचं ते ठरवून ठेवा.

३. कुठला खलनायक घ्यायचा

बहुतेक ठिकाणी तीनचार पर्याय देतात. नवख्याने घाईत सगळ्यात प्रसिद्ध नाव उचलू नये.

एडमंड ('किंग लिअर') हा सुरुवातीला सगळ्यात सोपा, निदान मला तसं वाटतं. त्याचं पहिलं स्वगत पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात आहे. तरुण आहे, लग्नाबाहेर जन्मलेला आहे, म्हणून लोक त्याला हलका म्हणतात, आणि तो विचारतो की का? तोच अपमानाचा शब्द तो पुन्हा पुन्हा उच्चारतो, उलटसुलट करून बघतो. हातात पत्र असतं, म्हणजे हाताला काम मिळतं, नवख्याला हे फार बरं पडतं. आणि त्याची तक्रार खरी आहे, त्यामुळे त्याची बाजू घ्यायला जड जात नाही.

रिचर्ड ('रिचर्ड तिसरा') मजेदार आहे पण मोठा आहे. नाटक त्याच्याच स्वगताने उघडतं. ते स्वगत चाळीसेक ओळींचं आहे, बघून घाबरायला होतं, पण त्याला तीन स्पष्ट वळणं आहेत: "आता" (युद्ध संपलं, सगळे मजेत), "पण मी" (माझ्या शरीरामुळे मी यात बसत नाही), "म्हणून" (प्रियकर होता येत नाही तर खलनायक होतो). ही तीन वळणं कागदावर पेन्सिलने दाखवा, तीन वेगळ्या दिवशी तीन तुकडे करा, मग जोडा.

इयागो ('ऑथेल्लो') सगळ्यांना हवा असतो. नाटकात नायक ऑथेल्लोपेक्षा त्याच्या तोंडी जास्त ओळी आहेत. एक गोष्ट लोक हमखास विसरतात, तो स्वतःच सांगतो की मी चार गुणिले सात वर्षं जग बघतोय, म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा. आपण मात्र त्याला पिकल्या केसांचा, कमरेत वाकलेला करतो. तरुण, चपळ, मित्रांत लोकप्रिय असा सैनिक आहे तो. सगळे त्याला "प्रामाणिक इयागो" म्हणतात.

आणि संस्कृतातला घ्यायचा असेल तर शकार, 'मृच्छकटिक'मधला. राजाचा मेहुणा, माजलेला, अडाणी, आणि भयंकर. तो पुराणाचे दाखले देतो आणि सगळे चुकीचे देतो, नाटकाची नायिका वसंतसेना, तिला म्हणतो की तू माझ्या तावडीत सापडलीस, रावणाच्या तावडीत सापडलेल्या कुंतीसारखी. लोक हसतात. हसावंच. पण आठव्या अंकात हाच माणूस बागेत तिचा गळा दाबतो आणि मेली समजून टाकून जातो. ज्यांनी पहिल्या अंकात त्याला निव्वळ विनोदी केला त्यांना आठवा अंक करताच येत नाही. आपल्या पेडण्याकडे दशावतारात संकासुर येतो तो पण लोकांना हसवतो, लहान पोरं मात्र आईच्या मागे लपतात, हे दोन्ही एका वेळी कसं होतं ते जाऊन डोळ्यांनी बघा, शकार करणाऱ्याला यापेक्षा चांगला अभ्यास नाही.

४. पद्य आधी जिभेवर, मग डोक्यात

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

शेक्सपिअरच्या मूळ पद्याची ओळ साधारण दहा अक्षरांची, त्यात हलकं-जड हलकं-जड असे पाच ठोके. मराठीत तसा आघात नाही, आपल्याकडे लघु-गुरूचा हिशोब आहे. म्हणून मूळ ठोके मराठीत ओढून आणायला जाऊ नका, ऐकायला विचित्र होतं. काय आणता येतं ते बघा: वाक्य किती ओळी चालतं, ओळ कुठे तुटते, कुठली ओळ मुद्दाम छोटी आहे, आणि पात्र पद्य सोडून गद्यात कधी जातं. या चार गोष्टी भाषांतरातही बऱ्याच अंशी राहतात.

आपल्या कानाला वृत्त आहेच. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात, एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा, तो थांबा लग्नात ऐकून ऐकून अंगात मुरलेला आहे. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात, बारा अक्षरं, लघु गुरु गुरु असे चार वेळा. "मना सज्जना भक्तिपंथेचि जावे" हे आपण लहानपणापासून एका चालीत म्हणतो. आता सराव असा करायचा: आधी चालीत म्हणा. मग चाल सोडा पण लघु-गुरु तसेच ठेवा. मग समोर एका माणसाला बसवा आणि तीच ओळ त्याला पटवून द्या, जणू त्याने आत्ताच चुकीच्या वाटेला जायचं ठरवलंय आणि तुम्हाला त्याला थांबवायचंय. वृत्त मोडलं नाही आणि तरी बोलणं बोलण्यासारखं वाटलं, की समजा दार उघडलं. पद्याचा अभिनय म्हणजे एवढंच, पण ते यायला आठवडे जातात.

नेहमीच्या अडचणी दोन. एक, प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबणं. वाक्य संपलं नसेल तर श्वास घेऊन आवाज खाली टाकू नका, ओळीचा शेवटचा शब्द किंचित वर उचला आणि पुढे जा, ऐकणाऱ्याला कळतं की अजून येणार आहे. दुसरी त्याच्या उलट, ओळ आहे हेच विसरून सगळं गद्य करून टाकणं. मग नुसताच लांबलचक भाषणाचा चिखल होतो.

चालत चालत करायचा व्यायाम फार उपयोगी: स्वगत वाचत खोलीत चाला, स्वल्पविराम आला की दिशा बदला, पूर्णविराम आला की थांबा. खलनायकाची स्वगतं अशी चालून बघितलीत तर पाय सांगतात की हा माणूस कुठे सरळ चाललाय आणि कुठे गोल गोल फिरतोय.

आणि हेल. आपण घरात कोंकणी बोलतो, शाळेत-नाटकात मराठी, त्यामुळे वाक्याच्या शेवटी हेल चढतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कुणी हसलं तर लक्ष देऊ नका. पण पद्यात त्या हेलाने ओळीचा शेवटचा शब्द गिळला जातो आणि खलनायकाचा डाव बऱ्याचदा त्याच शब्दात असतो. म्हणून फोनवर रेकॉर्ड करा, फक्त शेवटचे शब्द ऐका.

५. स्वगत: बेत आत्ता सुचतोय

नवखा माणूस स्वगत असं बोलतो की जणू त्याला सगळा कट आधीपासून माहीत आहे. इयागोचं पहिल्या अंकाच्या शेवटचं स्वगत घ्या. तिथे तो सुरुवातीला काहीच ठरवून आलेला नाही. मध्येच तो स्वतःला विचारतो, कसं करावं? कसं? बघू. आणि मग हळूहळू कल्पना येते, आणि शेवटी तो म्हणतो, जमलं. आता तुम्ही पहिल्या ओळीपासूनच जमल्याचा चेहरा करून उभे राहिलात तर त्या ओळींना करायला कामच उरत नाही.

त्याच स्वगतात आणखी एक जागा आहे. तो म्हणतो, मी ऑथेल्लोचा द्वेष करतो, आणि लोक म्हणतात की त्याने माझ्या बायकोशी संबंध ठेवला. "कारण" म्हणत नाही, "आणि" म्हणतो. द्वेष आधी आहे, कारण नंतर येऊन चिकटतं. शिवाय ते खरं आहे की नाही हे त्याला माहीत नाही, पण खरं असल्यासारखं मी वागणार असं तो लगेच सांगून टाकतो. हा एक शब्द नीट उच्चारलात तर इयागो दिसायला लागतो. भाषांतरात तिथे "कारण" घातलेलं असेल तर शिकवणाऱ्यांशी बोला, बदलता येतं का बघा.

करायची पद्धत अशी. स्वगत कागदावर वाक्यावाक्यात तोडा. प्रत्येक वाक्याच्या आधी मार्जिनमध्ये एक प्रश्न लिहा जो प्रेक्षक विचारेल. "मग तू काय करणार?" "तो फसेल कशावरून?" "तुला काय मिळणार यातून?" मग वर्कशॉपमधल्या एका मैत्रिणीला किंवा मित्राला ते प्रश्न मोठ्याने विचारायला सांगा आणि तुम्ही फक्त ओळींनी उत्तरं द्या. दहा वेळा केल्यावर प्रश्न काढून टाका, मनात राहू द्या. स्वगत म्हणजे एकट्याची बडबड वाटायचं बंद होतं.

प्रेक्षकांकडे बघायचं की नाही हा प्रश्न सगळेच विचारतात. माझं मत ठाम आहे, खलनायकाने बघायचंच. रिचर्ड, इयागो, एडमंड हे आपल्याला सांगून पाप करतात. आपल्याला सगळं माहीत असतं आणि आपण ओरडून ऑथेल्लोला सांगत नाही, बसून राहतो, नाटक त्यावरच चालतं. हवेत, बाल्कनीच्या वर कुठेतरी बघत बोललात तर तो धागा तुटतो. एका एका माणसाकडे बघा, एक पूर्ण विचार एका माणसाला द्या, मग दुसऱ्याकडे जा. पहिल्यांदा करताना फार अवघड वाटतं, समोरचा माणूस नजर चुकवतो, हसतो, मोबाईल बघतो. तरी सोडू नका, पुढच्या विचारापर्यंत त्याच्याकडेच राहा.

६. इतर पात्रांसमोर चांगलंच वागा

इथे सगळ्यात जास्त मुलं अडकतात. खलनायक आहे म्हणून स्टेजवर सगळ्यांसमोर डोळे बारीक करून बोलायचं, हात चोळायचे. असं केलंत तर ऑथेल्लो मूर्ख ठरतो, की एवढं उघड दिसतंय आणि याला कळत कसं नाही! रिचर्डने लेडी अ‍ॅनच्या नवऱ्याला मारलंय, सासऱ्यालाही मारलंय, आणि सासऱ्याच्या प्रेताजवळच तो तिला मागणी घालतो, आणि ती शेवटी त्याची अंगठी घेते. चेहऱ्यावर पाप घेऊन हा प्रवेश होऊच शकत नाही. तिथे रिचर्डला खरंच प्रेम वाटतंय असं करा, निदान त्या क्षणापुरतं. ती गेल्यावर प्रेक्षकांकडे वळा.

'ऑथेल्लो'च्या तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश जोडीने करायला मिळाला तर नशीब समजा. तिथे इयागो जवळजवळ काहीच आरोप करत नाही. ऑथेल्लो काही विचारतो, इयागो त्यातलाच शब्द उचलून प्रश्नासारखा परत ठेवतो आणि गप्प बसतो. ऑथेल्लो चिडतो, हा माझाच प्रतिध्वनी करतोय म्हणतो. मागे लागतो, सांग सांग. म्हणजे विष मागून घेणारा ऑथेल्लो आहे. या प्रवेशात एक ओळ दोघांत वाटलेली बऱ्याच ठिकाणी दिसेल, अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची. तिथे जागा सोडायची नाही, दुसऱ्याने लगेच उचलायची. आणि जिथे अर्धी ओळ एकटीच पडलीय, पुढे काही नाही, तिथे थांबायला परवानगी आहे. नाटककाराने थांबा कुठे ठेवलाय हे कागदावरच दिसतं, आपण मनाने थांबे घालायची गरज नसते.

आणि तो गद्यात कधी जातो ते बघा. रॉडरिगो म्हणून एक भोळा पैसेवाला आहे, त्याला फसवताना इयागो गद्यात बोलतो, पैसे गोळा कर, पैसे गोळा कर असं तेच तेच परत परत सांगतो. रॉडरिगो गेला की एकटा पडताच पुन्हा पद्य. कुणाशी कुठली भाषा वापरायची हे त्याला बरोबर कळतं, तुम्हालाही दोन्हीत फरक दाखवता आला पाहिजे, पद्यात कणा ताठ, गद्यात खांद्यावर हात, असं काहीतरी स्वतःचं शोधा.

७. शरीर आणि रंग

रिचर्ड मिळाला की पहिल्यांदा लंगडणं, कुबड, वाळलेला हात. २०१२ साली इंग्लंडात लेस्टर शहरात एका कार पार्कखाली खऱ्या तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला, मणका बाजूला वळलेला होता, पण हात वाळल्याची खूण काही नव्हती. नाटकातला रिचर्ड नाटकातलाच, त्याच्या ओळींत व्यंगाचा उल्लेख आहे तेवढा घ्यावा लागतो. पण व्यंग म्हणजे दुष्टपणा असं दाखवू नका. समोर बसलेल्यांत कुणी पोलिओ झालेलं असू शकतं. शरीराची एकच गोष्ट ठरवा, ती रोज तशीच ठेवा, आणि पाठ दुखायला लागली तर बाजू बदला, हट्ट करू नका.

ऑथेल्लो करणाऱ्याने तोंडाला काळा रंग फासू नये, वर्कशॉपमध्ये तर अजिबात नाही. तो काळ्या वर्णाचा, परका आहे हे इतर पात्रांच्या बोलण्यातूनच सतत येत राहतं.

मेकअपबद्दल एवढंच की लावू नका. उघड्या चेहऱ्याने जमलं तरच जमलं.

८. गळा, थप्पड, तलवार

हे गांभीर्याने घ्या, कारण हौशी नाटकात इथे खरंच लागतं.

शकाराचा गळा दाबण्याचा प्रसंग असेल तर हात गळ्यावर ठेवायचाच नाही. खाली, गळ्याच्या हाडांवर, छातीच्या वरच्या भागावर ठेवायचा, प्रेक्षकांना अंतरावरून फरक कळत नाही. जिचा गळा दाबला जातोय ती तुमची मनगटं धरते आणि सगळा जोर, सगळी हालचाल तिच्या ताब्यात असते, तुम्ही फक्त जोर लावल्याचं दाखवता. आधी दोघांनी बोलून ठरवायचं कुठे हात लागलेला चालेल, कुठे नाही. एक शब्द ठरवायचा, तो उच्चारला की त्या क्षणी सगळं थांबलं पाहिजे. आणि आधी दहापट हळू करा, मग तालमीतच हळूहळू वेग वाढवा.

शिकवणारा कुणीही असो, कितीही मोठा असो, "भूमिकेत घुसण्यासाठी" खरी थप्पड, खरा धक्का, किंवा नको तिथे स्पर्श करायला सांगत असेल तर नाही म्हणा. तुमचा अभिनय त्याने सुधारत नाही.

तलवार लाकडाची असली तरी टोक डोळ्याच्या रेषेत कधीच आणू नका.

९. आवाज, पोट, पाऊस

जत्रेच्या नाटकात वरती एकच माईक टांगलेला, समोर फुगेवाले, खाजेवाले, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायला ओरडावं लागतं, त्यामुळे आपला आवाज मोठा असतो, हे आपलं बळ आहे. पण बंद खोलीत पंधरा माणसांसमोर तोच आवाज लावला तर इयागोचं कुजबुजणं कुठून येणार? मोठ्या आवाजाच्या माणसाने आधी हळू बोलायला शिकायचं, शब्द स्पष्ट ठेवून. श, ष, स, ळ, ण, जोडाक्षरं, रोज दहा मिनिटं. शकार तर स च्या जागी श बोलतो, त्यामुळे त्याच्यासाठी हे करावंच लागतं.

गडगडाटी हसू घशातून काढू नका, दोन दिवसांत आवाज बसतो. खरं तर संहितेत हसू लिहिलेलं नसेल तर हसूच नका.

पत्र्याच्या हॉलमध्ये पाऊस कोसळायला लागला की काही ऐकू येत नाही, तेव्हा ओरडून तालीम चालू ठेवायची नाही, तेवढा वेळ चालण्याचे व्यायाम करा, ओळी मनात म्हणा. दुपारी पेज किंवा हलकं काही खा, पोटभर शीतकढी-नुस्तं खाऊन दुपारच्या सत्रात स्वगत म्हणता येत नाही, झोप येते.

रोजचं काम संपल्यावर पाच मिनिटं सगळ्यांनी एकमेकांशी आपल्या खऱ्या नावाने बोला, कपडे बदला, तोंड धुवा. दिवसभर द्वेषाच्या ओळी बोलून तसंच घरी गेलं की घरच्यांवर चिडचिड निघते, हे मी बऱ्याच जणांचं बघितलंय.

१०. शेवटचं सादरीकरण, आणि त्यानंतर गावात

सादरीकरणाला शक्यतो छोटा तुकडा घ्या, पण पूर्ण विचाराचा. पंधरावीस ओळी पुष्कळ झाल्या. नवीन काही त्या दिवशी घालू नका. प्रेक्षक कुठे बसणार ते आधी जाऊन बघा, कारण तुम्हाला त्यांच्याशी बोलायचंय. कुणी चुकीच्या जागी हसलं तर त्याच्याकडे बघून पुढचा विचार त्यालाच द्या, खलनायकाला ते शोभतं.

मग हेच घेऊन गावच्या नाटकात जाल तेव्हा दिग्दर्शक काका म्हणणार, जरा डोळे वटार, जरा हस. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांनी तीस-चाळीस वर्षं लोकांना रात्रभर बसवून ठेवलंय. तालमीत दोन्ही करून दाखवा, आधी त्यांचं, मग तुमचं, आणि कुठलं ठेवायचं ते त्यांना ठरवू दे. बऱ्याचदा ते थोडं त्यांचं, थोडं तुमचं ठेवतात आणि ते चांगलं होतं.

फक्त प्रॉम्प्टरशी मात्र आधीच बोलून घ्या. स्वगतात तुम्ही नवीन विचार येईपर्यंत थांबणार, आणि विंगेतल्या माणसाला वाटणार की ओळ विसरली, तो लगेच पुढचे शब्द टाकणार, आणि गावचा प्रॉम्प्टर असेल तर पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाणार. त्याच्या पुस्तकात थांबण्याच्या जागी स्वतःच्या हाताने पेन्सिलने गोल करून द्या, आणि खरंच विसरलात तर कुठली खूण करणार, उजवा हात कमरेला की आणखी काही, तेही त्याच वेळी ठरवून टाका.